‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

आपल्या भाषेत ‘नामशेष’ हा एक विलक्षण शब्द आहे. जे सर्वस्वी गेले आणि ज्याचे केवळ नाव तेवढे मागे राहिले, ते नामशेष. राजवंश नामशेष होतात, गावे नामशेष होतात, धंदे आणि रूढी नामशेष होतात. प्राण्यांची कुळेच्या कुळेही नामशेष होतात. हा शब्द आपण इतक्या सहजपणे योजतो की, तो उच्चारताना आपण एक निकाल देत आहो याची आपणांस जाणीवही नसते. ‘अमुक वस्तू आहे’ असे म्हणणाऱ्यास ती वस्तू दाखवून मोकळे होता येते. पण ‘अमुक वस्तू जगात कोठेही उरली नाही’ असे म्हणणाऱ्याने काय दाखवावे? ‘आहे’ म्हणण्यास एका माणसाचे डोळे पुरतात. ‘नाही’ म्हणण्यास साऱ्या जगाचे डोळे लागतात. असे असूनही व्यवहारात मनुष्य ‘आहे’ म्हणताना कचरतो आणि ‘नाही’ मात्र बेधडक म्हणतो. हा अधिकार त्यास कोठून आला, तो केव्हा खरा आणि केव्हा खोटा, आणि त्याचा गैरवापर झाला तर त्याचा दोष कोणाच्या माथी येतो, या प्रश्नांचा थोडा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

यासाठी आम्ही जे उदाहरण घेणार आहो ते ऐकून कित्येक वाचक हसतील. ते उदाहरण उंदरांच्या एका कुळाचे आहे. आमच्या खानदेशात उंदराविषयी कोणास ममता असण्याचे कारण नाही. ज्याने कणगीतली ज्वारी राखली आहे, ज्याच्या शेतातील भुईमुगाच्या शेंगा जमिनीतल्या जमिनीत पळविल्या गेल्या आहेत, त्यास उंदराच्या कुळाचा लोप ही दुःखाची वार्ता वाटणार नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तेथून तो इलाखाभर पसरला. त्या काळी लोक गावे सोडून शेतांत झोपड्या घालून राहत, आणि घरात पडलेला मेलेला उंदीर ही घर सोडण्याची खूण समजली जाई. गणपतीच्या पायाशी बसलेला तेवढा एक उंदीर सोडला, तर बाकीच्यांस आपण शत्रूच मानत आलो आहो. परंतु म्हणूनच हे उदाहरण आम्हांस उपयोगाचे वाटते. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याच्याविषयी सावधपणे बोलण्यास न्यायबुद्धी लागत नाही. ज्याचे आपणांस काहीच नाही, त्याच्याविषयी निकाल देताना ती कसास लागते.

कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, म्हणजे शास्त्रीय भाषेत कृंतकांच्या, गणात आज २,००० हून अधिक जाती आहेत. उंदीर, घूस, खार, साळिंदर ही सारी त्यांतलीच मंडळी. याच गणात ‘डायाटोमायिडी’ नावाचे एक प्राचीन कुल होते. १९७४ साली ली चुआनकुइ या चिनी शास्त्रज्ञाने शान्तुंग प्रांतातील एका जीवाश्मास ‘डायाटोमिस’ असे नाव दिले. ज्या मातीच्या थरात तो प्राणी दबला होता, ती डायाटम नावाच्या अतिसूक्ष्म शैवालांच्या कवचांची बनलेली होती, म्हणून हे नाव. पुढे त्याच कुळातील प्राण्यांचे अवशेष थायलंडात व जपानात, बलुचिस्तानच्या बुगटी टेकड्यांत, आणि आपल्या लडाखातही मिळाले. अवशेष म्हणजे बहुतेक ठिकाणी काय? काही दाढा आणि जबड्यांचे तुकडे. परंतु दाढेच्या माथ्यावरील कंगोऱ्यांवरून शास्त्रज्ञ कुळाची ओळख पटवितात. सोनाराने कसाच्या रेघेवरून सोने ओळखावे तसाच हा प्रकार आहे. सर्वांत जुने अवशेष ३ कोटी वर्षांहून अधिक जुने, तर सर्वांत अलीकडचे सुमारे १ कोटी १० लाख वर्षांपूर्वीचे. त्यानंतरच्या एकाही थरात या कुळाचा मागमूस नाही. तेव्हा शास्त्राने निकाल दिला की हे कुल त्या सुमारास नष्ट झाले. १ कोटी वर्षांत एकही दाढ सापडू नये, यापेक्षा भक्कम पुरावा तो कोणता?

आणि तरीही निकाल चुकीचा ठरला. १९९६ साली लाओस देशाच्या खम्मुआन प्रांतातील थाखेक येथील बाजारात रॉबर्ट टिमिन्स या प्राणिशास्त्रज्ञास भाजीपाल्याबरोबर खाण्यासाठी विकावयास ठेवलेला एक अपरिचित प्राणी दिसला. अंगलट उंदराची, शेपटी खारीसारखी झुबकेदार, रंग काळसर करडा. त्या मुलखात तो चुनखडीच्या डोंगरांतील खडकांत राहतो, आणि लोक त्याला ‘खान्यू’ म्हणतात. २००५ साली शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले व तो कोणत्याच माहीत असलेल्या कुळात बसत नाही म्हणून त्याच्यासाठी एक नवे कुल कल्पिले. पुढच्याच वर्षी, २००६ साली, मेरी डॉसन व त्यांचे सहकारी यांनी त्याच्या दाढा व जबडे जुन्या जीवाश्मांशी ताडून दाखविले की, हे कुल नवे नाही. हे तेच डायाटोमायिडी, ज्यांचे श्राद्ध शास्त्राने केव्हाच घातले होते. या सहकाऱ्यांत ज्यांनी १९७४ साली मूळ जीवाश्मास नाव दिले ते ली चुआनकुइ हेही होते. ज्याने मृताचे नाव ठेवले त्यानेच तो जिवंत असल्याची ग्वाही द्यावी, असा योग शास्त्राच्या इतिहासात फारसा येत नाही.

येथे ‘नामशेष’ या शब्दाची गंमत पाहण्यासारखी आहे. शास्त्राजवळ नाव होते, प्राणी नव्हता. खम्मुआनच्या खेडुतांजवळ प्राणी होता आणि त्याचे नावही होते. मात्र ते नाव शास्त्राच्या वहीत नव्हते. ज्या काळात विद्वान त्या कुळाच्या अंताची मिती ठरवीत होते, त्याच काळात त्या डोंगरांतील लोक सापळे लावून ते पकडीत व कालवण करून खात होते. म्हणजे नामशेष झाले होते ते त्या कुळाचे अस्तित्व नव्हे. आपल्या ज्ञानाची सीमा तेथे संपली होती, आणि आपण आपल्या कुंपणास जगाचे कुंपण समजलो होतो.

आमच्या दर्शनकारांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वी व फार बारकाईने केलेला आहे. जमिनीवर घट नाही हे आपणांस कळते ते कशाने? कुमारिलभट्टांच्या परंपरेतील मीमांसक म्हणतात, न दिसणे हेच येथे प्रमाण. त्यास ते ‘अनुपलब्धि’ म्हणतात व स्वतंत्र प्रमाणाचा मान देतात. नैयायिकांस हे स्वतंत्र प्रमाण मान्य नाही. परंतु हा वाद घालणाऱ्या उभयपक्षी एक अट मान्य आहे, आणि आमच्या प्रस्तुत विषयाचे सारे मर्म त्या अटीत आहे. नुसते न दिसणे पुरेसे नाही. ती वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती पाहिजे. यास ‘योग्यानुपलब्धि’ म्हणतात. लख्ख उजेडात मोकळ्या अंगणात घट दिसत नाही, तर घट नाही असे खुशाल म्हणावे. पण अंधाऱ्या खोलीत तो दिसला नाही म्हणून नाही म्हणू नये. पिशाचाचे उदाहरणही त्यांनी दिले आहे: जे मुळात डोळ्यांस दिसण्याजोगेच नाही, ते दिसले नाही म्हणून त्याचा अभाव सिद्ध होत नाही.

ही अट खानदेशच्या भूमीसच लावून पाहा. आमच्या पायांखालचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या रसाचा आहे. त्याच्यावर तापी आणि तिच्या उपनद्यांनी फार अलीकडच्या काळात आणून टाकलेला गाळ आहे. मधल्या कोट्यवधी वर्षांचे थर जळगाव-धुळ्याकडे जवळजवळ नाहीतच. तेव्हा त्या मधल्या काळात येथे कोणते कृंतक वावरत होते, या प्रश्नास आमची जमीन उत्तर देत नाही. पण तिचे हे मौन म्हणजे ‘कोणी नव्हते’ असे उत्तर नव्हे. ज्या वहीची पानेच फाटली आहेत तीत नाव नाही म्हणून माणूस जन्मलाच नाही असे कोण म्हणेल?

एवढ्यावर कोणी म्हणेल की, लाओसच्या डोंगरातील उंदीर आणि पाषाणांचे थर यांच्याशी आम्हांस काय कर्तव्य? त्यास आमचे उत्तर असे की, अगदी हाच प्रकार आमच्या घरच्या अंगणात घडलेला आहे. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे. १८७३ साली ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर १८८४ पर्यंत त्याचे अवघे सात नमुने गोळा झाले, व त्यांतले बरेचसे खानदेशात अंमलदार असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी येथेच मिळविलेले होते. पुढे ११३ वर्षे या पक्ष्याची एकही खात्रीलायक नोंद नाही. शोध झाले, ते निष्फळ ठरले, आणि हा पक्षी नष्ट झाला असावा असे मत रूढ झाले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रॅसमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, भर दिवसा झाडावर बसलेला दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता; नंदुरबार जिल्हा निराळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्यानंतर यावलच्या रानात, मेळघाटात, मध्य प्रदेशात, आणि २०१४ साली मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही त्याचा ठाव लागला. सरडे आणि उंदीर यांच्यावर त्याची उपजीविका असते. म्हणजे आमच्या शेतकऱ्याच्या शत्रूचा हा शत्रू, शंभरावर वर्षे आमच्या शेजारी राहत असता, आम्ही त्यास मेलेला समजत होतो.

येथे न दिसणे योग्य का नव्हते, याचे कारण बोधप्रद आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने असा दावा केला होता की, १९१४ साली तापीकाठच्या मांडवी येथे आपण रानपिंगळा मारला. पुढील शोधकांनी त्या नोंदीवर भरवसा ठेवला व भलत्या जागी भलत्या प्रकारचे रान धुंडाळले. रॅसमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्या पेंढा भरलेल्या पक्ष्याची कसून तपासणी करून १९९९ साली दाखविले की तो मांडवीचा नव्हताच. डेव्हिडसन यांनी पूर्वी गोळा केलेला नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. म्हणजे खानदेशचाच पक्षी चोरून परका केला गेला आणि मग जगाने त्यास खानदेशाबाहेर शोधले. रॅसमुसेन यांनी ती नोंद बाजूस सारली, जुन्या खऱ्या नोंदी जेथल्या होत्या तेथे त्या गेल्या, आणि पक्षी जेथे होता तेथेच सापडला.

परंतु सत्याची दुसरी बाजूही आम्ही दडवू इच्छित नाही. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मनुष्यास मुळीच नाही, असा आमच्या म्हणण्याचा अर्थ कोणी घेईल तर तो अनर्थ होईल. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे शां. अ. साळी यांनी १९७० नंतरच्या दशकात जे उत्खनन केले, त्यात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे व त्यांचे मणी मिळाले. एका कवचावर तर माणसाच्या हाताने कोरलेली आडव्यातिडव्या रेघांची नक्षी आहे. सुमारे २५,००० वर्षांपूर्वी गिरणेच्या आसपासच्या या मुलखात शहामृग होता आणि त्याच्या अंड्यावर नक्षी कोरण्याची हौस असलेला मनुष्यही होता. आज येथे तो पक्षी नाही. माणसाच्या उंचीहून उंच, उघड्या माळावर धावणारा पक्षी असता तर दिसलाच असता. येथे ‘नाही’ हे योग्य आहे. चित्त्याचेही तेच. १९५२ साली तो भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले, आणि २०२२ साली आफ्रिकेतून चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडावे लागले. ज्यास गेले हे कबूल करावयाचे नसते, तो ‘असेल कोठेतरी’ असे म्हणून आपल्या जबाबदारीतून सुटतो. मेलेल्यास जिवंत म्हणणे हे कित्येकदा मारणाऱ्याच्याच सोयीचे असते. म्हणून जेथे शोध पुरा झाला आहे तेथे ‘नाही’ हा शब्द स्पष्टपणे उच्चारणे व त्याचे दुःख पत्करणे, हेही सत्यनिष्ठेचेच काम होय.

तर मग चुका दोन आहेत: असलेल्यास नाही म्हणणे आणि नसलेल्यास आहे म्हणणे. तर्कशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच. पण नीतीच्या दृष्टीने त्या सारख्या नाहीत. नसलेल्याची प्रामाणिक आशा बाळगली, तर फार तर चार माणसांचे श्रम वाया जातील. परंतु असलेल्यास नाही म्हटले की त्याची राखण संपते. ज्या रानात जपण्यासारखे काही उरले नाही असे ठरते, ते रान तोडताना कोणाचा हात थरथरत नाही. मग तो निकाल प्रथम खोटा असला तरी काही वर्षांत खरा होतो. आणि निकाल देणारा समाधानाने म्हणतो, आम्ही म्हटलेच होते! चुकीच्या निराशेचे हे वैशिष्ट्य आहे की ती आपला पुरावा आपल्या हातांनी निर्माण करते. म्हणून जेथे संशय असेल तेथे जिवंतपणाच्या बाजूने वागावे, हा आमच्या मते या प्रकरणातील पहिला धर्म होय.

दुसरा धर्म याहून नाजूक आहे. आपला निकाल खान्यूस ऐकू गेला नाही. आपले कुल १ कोटी वर्षांपूर्वी संपले ही बातमी त्यास कोणी दिली नाही, आणि म्हणून तो बिचारा निश्चिंतपणे जगत राहिला. रानपिंगळ्यानेही शास्त्राची पुस्तके वाचली नव्हती. परंतु माणसाविषयी जेव्हा आपण असा निकाल देतो, तेव्हा तो माणूस ते ऐकत असतो.

आमच्या अहिराणीचेच पाहा. धुळ्या-जळगावच्या सुशिक्षित घरांतून ‘ती भाषा आता गेली, म्हाताऱ्या माणसांबरोबर उरलीसुरली जाईल’ असे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकतो. हे वाक्य बोलणारे लबाड नसतात. त्यांच्या घरात ती ऐकू येत नाही, आणि जे आपल्या घरात नाही ते जगात नाही असे त्यांस वाटते, इतकेच. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या सदराखाली १८ लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा नोंदविली आहे, व त्यांत बहुसंख्य अहिराणी म्हणणारे आहेत. साक्री किंवा शिरपूरच्या आठवडे बाजारात तासभर उभे राहिले तर जनगणनेच्या आकड्यांचीही गरज उरत नाही. म्हणजे येथेही न दिसणे योग्य नव्हते. दिवाणखान्यात बसून बाजाराविषयी निकाल दिला गेला होता. पण फरक हा की, हे वाक्य घरातील मूल ऐकते. जी भाषा गेली असे बापच म्हणतो, ती आजीशी बोलावयास मुलास लाज वाटते. आणि एका पिढीत बापाचे खोटे वाक्य खरे होऊन बसते. अशा वेळी भाषेस काळाने मारले असे आपण म्हणतो. काळाने मारले नाही. आपण तिच्या देखत तिच्या मरणाची बातमी वाचली.

याच्या उलट उदाहरणही आमच्याच भूमीतले आहे. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतीचे व घरचे काम करता करता त्या आपल्या बोलीत ओव्या रचीत. मराठी कवितेच्या त्या काळच्या कोणत्याही जंत्रीत त्यांचे नाव शोधले असते तर मिळाले नसते, आणि ‘खानदेशच्या बोलीत काव्य नाही’ असे म्हणणाऱ्यास कोणी खोडून काढले नसते. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी त्या ओव्या उतरून घेतल्या होत्या. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात वारल्या, आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या प्रसिद्ध झाल्या. काव्य आधीपासून होतेच. उणीव होती ती ऐकणाऱ्या कानाची. मुलाने आईचे बोल टिपले नसते, तर आज आम्ही त्यांस नामशेषही म्हणू शकलो नसतो. कारण नामशेष होण्यास निदान नाव तरी माहीत असावे लागते. नाव न ठेवता गेलेल्यांची संख्या किती असेल, याचा विचार मनात आला की आपल्या साऱ्या याद्या तोकड्या वाटू लागतात.

म्हणून आमचे वाचकांपाशी एवढेच मागणे आहे. एखादी गोष्ट संपली असे म्हणण्यापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. ती असती तर मला दिसली असती काय? ती जेथे असण्याचा संभव आहे तेथे मी गेलो आहे काय? आणि जे तेथे राहतात त्यांना मी विचारले आहे काय? तिसरा प्रश्न सर्वांत साधा आहे, आणि विद्येचा अभिमान असलेल्यांकडून नेमका तोच राहून जातो. थाखेकच्या बाजारात तो प्राणी विकणाऱ्यास, हा कोणता प्राणी, असे अगोदर कोणी विचारले असते, तर एका कुळाचे श्राद्ध टळले असते. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येऊनही ती गोष्ट आढळली नाही, तर अवश्य ‘नाही’ म्हणावे व तिच्या नावाने पाणी सोडावे. तोपर्यंत मात्र तो शब्द ओठांवर अडवून धरावा. विशेषतः ज्याच्याविषयी तो बोलावयाचा, तो जवळच बसून ऐकत असेल तेव्हा.